दोन विभागांचा किडा

मॅडम : मेला म्हणजे? पाण्यातला चपटा किडा तो, मधून कापला तेव्हा मेला नाही, दोन्ही तुकड्यांचे दोन धडधाकट किडे झाले, आणि आता चार दिवसांच्या सुट्टीत मेला?

मुलगी : पाणी कुणी बदललंच नाही, मॅडम. भांड्याला वास सुटलाय.

(मॅडम जीवशास्त्राच्या, सर तत्त्वज्ञानाचे. दोन्ही विषय एकत्र घेणारी अख्ख्या कॉलेजात ही एकच मुलगी. प्रकल्प तिचा, देखरेख दोघांची, म्हणजे कुणाचीच नाही.)

सर : मला वाटलं, प्राणी आहे, जीवशास्त्रवाले बघतील. भांडं तुमच्याच खिडकीत होतं.

मॅडम : तुमच्या चिठ्ठीसकट! 'हात लावू नये, विचार चालू आहे.'

सर : चालूच होता. दोघांतला मूळ किडा कोणता, यावर.

मुलगी : तेवढ्यात दोघंही गेले, सर.

सर : दोघं गेले, की एकच दोनदा गेला?

मॅडम : घ्या! इथे मयत झालंय आणि यांना कोडी सुचतायत.

मुलगी : ते राहू द्या. आज संध्याकाळपर्यंत मार्गदर्शकाचं नाव दिलं नाही, तर माझं वर्ष गेलं. कुणाचं देऊ?

मॅडम : अगं, तू सरांची ना? गांडूळ कापायला दिलं तर 'का' विचारतेस.

सर : माझी कशी? माझ्या तासाला पांढरा कोट घालून बसते. कंपाऊंडर आल्यासारखं वाटतं.

मुलगी : बाबा म्हणतात, दोन्ही म्हणजे काहीच नाही. दोन वर्षं भांडतेय त्यांच्याशी. आज वाटलं, बरोबरच बोलतात.

मॅडम : रडतेस काय, वेडाबाई?

मुलगी : रडत नाहीये. तुमच्या दोघांवर चिडलेय.

सर : माझं नाव दे.

मॅडम : तुमचं? तुम्हाला किड्याचं तोंड कुठे ते माहीत नाही. माझं दे गं.

सर : म्हणजे वर्षभरात ही 'का' विचारायचं विसरणार!

मॅडम : विसरली तर तुम्ही कशाला आहात? मंगळवारी येत जा प्रयोगशाळेत. नाव एकाचंच चालतं, माणसं दोन चालतात.

सर : येईन. पण कोट घालणार नाही.

मुलगी : आणि बाबांना काय सांगू?

मॅडम : सांग, तुझ्यावरून दोन विभाग भांडले. आधी नको म्हणून, मग हवी म्हणून.

मुलगी : यातलं पहिलं नाही सांगत मी त्यांना.