मनोरमाबाईंचं गुप्तदान

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभी आहे. गुप्तदान म्हणजे काय? देणाऱ्याला ठाऊक, देवाला ठाऊक, तिसऱ्याला पत्ता नाही. लाडवात नाणं लपवून देत होत्या ना आपल्या आज्या-पणज्या? घेणाऱ्याच्या दाताखाली आलं की तेव्हा कळायचं! पण समजा, ते नाणं आधी तिसऱ्याला विचारून घ्यावं लागलं तर? मग ते दान कुणाचं?

तबला जरा थांबू दे. ऐका.

देवरुखच्या बाजूला एक गाव. तिथं मनोरमाबाई खातू, वय अठ्ठ्याहत्तर. यजमान मास्तर होते, ते जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या माघारी बाईंना पेन्शन मिळते. मुलगा उदय ठाण्याला. गुणी हो! मास्तर गेले तेव्हा त्यानंच बँकेचे सगळे कागद केले. मोबाईल नंबरही स्वतःचाच घातला. "आई, तुला कशाला त्रास?" मायेनंच म्हणाला. आता हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केलंय!

यंदा ज्येष्ठ अधिक आला. बाईंनी नेम धरला, महिनाभर खोटं बोलायचं नाही आणि महिना संपायच्या आत एक गुप्तदान करायचं. खोटं न बोलण्याचा नेम करून बघा मंडळी. तिसऱ्या दिवशी नणंद विचारते, "वहिनी, माझी भाजी कशी झालीय?"

दान कुणाला, तेही ठरलेलं. शेजारची सुगंधा कपडे शिवायची. तिच्या मशीनची मोटर जळली, आणि जून म्हणजे शाळांचे गणवेश, वर्षाची कमाई त्यातच! पण मानी किती! कुणी हात पुढं केला की म्हणायची, "आमचं आम्ही बघू." उदयला कळलं की सुनेला कळणार, सुनेची मावशी याच गल्लीत. मग संपलंच.

महिना सरायला चार दिवस उरले. बाई बँकेत गेल्या, स्लिप भरली. काउंटरवर घाग मॅडम. "आजी, आता नवीन पद्धत आहे. नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो सांगा."

नोंदवलेला मोबाईल ठाण्याला! बाईंनी आपल्या बटणाच्या फोनवरून उदयला फोन लावला.

"आई, एवढे कशाला हवेत?"

"काम आहे रे."

"कसलं काम? हल्ली फसवणारे फार झालेत. कुणाचा फोन आला होता का?"

आता बघा पेच! खरं सांगावं तर दान गुप्त राहत नाही. खोटं सांगावं तर नेम मोडतो. बाई गप्प राहिल्या. तेवढ्यात घाग मॅडम म्हणाल्या, "आजी, ओटीपीची वेळ संपली." बाई पिशवी उचलून घरी आल्या. मंडळी, पैसे त्यांचे, सही त्यांची, आणि रिकाम्या हातानं परत!

त्या दिवशी जपाची माळ हातातच राहिली. नाव एक घेतलं नाही. हिशेब चालला होता मनात. पैसे काढले की मेसेज ठाण्याला जायचा, की आलाच उदयचा फोन. औषधांना विचारलं त्यानं, छपराच्या पत्र्याला विचारलं, साडीलासुद्धा विचारलं होतं. आणि दर वेळी आपण मुकाट्यानं उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी बाई पायरीवर!

"मॅडम, माझ्या खात्याला माझा नंबर लावा."

"लावते की. हा फॉर्म भरा. फक्त जुन्या नंबरवर एक ओटीपी जाईल, तो लागेल."

रांगेतले लोक हसले. बाईही हसल्या. आणि लावला फोन.

"आई, नंबर बदलतेस? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तुझ्यावर आहे रे, उदय. तुझा माझ्यावर आहे का, ते बघतेय."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"तुझ्या पगारातून तू काय घेतोस, मी कधी विचारलं? मला कारण सांगायचं नाहीय. खोटंही सांगायचं नाहीय. आकडे सांग."

"तुला कुणी फसवत नाहीय ना, आई?"

"फसवणारा असता तर कारणसुद्धा पढवून पाठवलं असतं. माझ्याजवळ तेही नाही."

आणि उदयनं एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. बाई तो मोठ्यानं म्हणू लागल्या, तशा घाग मॅडम घाईनं पुढं वाकल्या. "आजी, हळू. हे कुणाला ऐकू द्यायचं नसतं."

"अगो बाई, म्हणजे हेही गुप्तच का!"

फॉर्मवर शिक्का बसला. "आता नवीन नंबर चालू व्हायला एक दिवस लागेल," मॅडम म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. स्लिप दिली. आणि पिशवीतला फोन वाजला! त्यांचा स्वतःचा! घाग मॅडमनी मदतीला हात पुढं केला, तर बाई म्हणाल्या, "थांब, चष्मा लावते. मी वाचते." अडखळल्या, पण सहाच्या सहा आकडे वाचले.

पैसे गेले थेट मशीन दुरुस्त करणाऱ्या पेडणेकरांकडे. बजावून, नाव नाही सांगायचं. अधिक महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुगंधाच्या घरातून मशीनची घरघर! ती तरातरा आली बाईंकडे. "काकू, कुणी दिले ते कळू दे, तोंडावर परत करीन."

"कर हो," बाई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, गुप्त होतं तर तुम्हाला कसं कळलं, ताई? नावं बदललीत मी. गावही बदललंय. शोधत बसू नका!

मंडळी, देवानं मागितलं तर आपण आपल्या हातानं द्यायचं, हा धर्म. मग ज्या म्हातारीचा हातच आपण आपल्या खिशात ठेवलाय, तिनं देवाला काय द्यावं? माझ्यासमोर बसलेल्या लेकांनो, लेकींनो, आईच्या खात्याला नंबर कुणाचा आहे? उत्तर मला नको, मनात द्या. आणि आयांनो, तुम्ही कधी मागितलात का? लेकांनो, लेकींनो, उद्या आईला बँकेत न्या. फसवणारे कसे बोलतात तेही समजावा, दहादा समजावा. तिच्या फोनवर ओटीपी आला की तिला चष्मा द्या. आणि ती वाचेपर्यंत, तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहा.