पंखवाल्यांचा दोर

हात वर कर—हां, अस्सा—नाही, पंख आत्ता नाहीत, आधी कमरेचा पट्टा; पंख नुसते दाखवायला, तुला धरून ठेवतो तो हा. आवळतोय? आवळायलाच हवा. चाळीस वर्षं झाली मला रोमच्या या स्टुडिओत देवदूत टांगताना—हसू नको, पट्टा सरकतो. पूर्वी सोपं होतं, पांढरी पिसं, मागून उजेड, की थिएटरातल्या बायका रडायला मोकळ्या. मग पिसं गेली—नवे दिग्दर्शक म्हणायला लागले, देवदूत ट्रामच्या थांब्यावर खिशात हात घालून उभा हवा, फक्त त्याची सावली पडता कामा नये. मी म्हटलं बरं झालं, माझे खांदे वाचले. आणि आता तुमचे हे दिग्दर्शक साहेब पुन्हा पंख मागतायत—कशाला? तर पडायला. पंख असूनही पडतो, हेच म्हणे प्रतीक. प्रतीक त्यांचं, दोर माझ्या हातात. सहा हात खाली सोडायचंय तुला, एकदम, चेहऱ्यावर खरी भीती यावी म्हणून तुला न सांगता—हं, बोलून बसलो बघ. नव्हतं ना सांगितलं त्यांनी?

थांब, हलू नको. मला पडणाऱ्याचा चेहरा माहीत आहे, म्हणून म्हणतो. आमच्या गावी, नेपल्सच्या खाली डोंगरात, मादोन्नाच्या, मरियामातेच्या, सणाला पोरी देवदूत होऊन उडतात—मनोऱ्यापासून चौकापलीकडच्या गच्चीपर्यंत दोर, त्यावर आठ-नऊ वर्षांची पोर, पंख लावलेली. मध्यावर आली की दुसऱ्या दोरानं हळूहळू खाली मूर्तीपर्यंत सोडायची, तिनं स्तुती म्हणायची, अख्खा चौक चिडीचूप. त्या वर्षी माझी भाची होती, कॉन्चेत्ता. खाली सोडायचा दोर माझ्याकडे, एकट्याकडे—मीच हट्ट केला होता, मामाचा मान म्हणून. तिनं मादोन्नाचं नाव घेतलं. आणि आमच्याकडे ते नाव कानावर पडलं की उजवा हात कपाळाकडे जातोच, क्रूसाची खूण करायला, अंगात मुरलेलं असतं, माणूस विचार करत नाही—

दोर वळणाऱ्या राफाएलेनं दोराला मेण जास्त चोळलं होतं, म्हणून निसटला, पोर आदळली. म्हणजे तसं ठरलं. पंचांनी ठरवलं, पाद्रीबाबांनी ठरवलं, मला विचारलं तर मीही हो म्हटलं. पुन्हा त्या राफाएलेकडून गाढव बांधायलासुद्धा कुणी दोर घेतला नाही. मागच्या वर्षी गेला बिचारा. मी मातीला गेलो, सगळ्यांनी क्रूस केला, मी हात खिशात ठेवले—त्या दिवसापासून करतच नाही मी, इथले लोक मला कम्युनिस्ट समजतात, समजू देत. आणि कॉन्चेत्ता? आहे ना, बेकरी चालवते, कंबर वाकडी बसली, पोतं उचलता येत नाही. दर सणाला म्हणते, मामा, तू होतास म्हणून वाचले, दुसरा कुणी असता तर दोर पुरताच सुटला असता. आणि माझ्या पानात जास्तीचं वाढते. मी खातो. लाज वाटते, तरी खातो.

काय बघतेस? हे मी पाद्रीबाबांना सांगितलेलं नाही, बायकोला नाही, आणि तुला—बक्कल लावता लावता. मूर्ख म्हातारा.

वळ तिकडे. लावत नाहीये, पट्टा सोडतोय. साहेबांना म्हणावं, हा म्हातारा दोनातो दोर धरत नाही. त्यांनी दुसरा कुणी आणला तर तूही चढू नकोस, कळलं? बूट घाल. आणि ते राफाएलेचं कुणाला सांगू—नाही, राहू दे. सांग कुणालाही. जा आता.