माकडिणीचा घास

खरं तर रक्त तपासायला आलेला तो लेखक हे लिहिणारच नव्हता. पण रक्ततपासणीच्या रांगेत शेजारी बसलेल्या त्या दोघांचं बोलणं काही केल्या डोक्यातून जाईना. दोघंही प्रयोगशाळेतली माकडं सांभाळणारे. त्यातल्या एकाचे डोळे पिवळेधमक.

“हातमोजे काढून भरवलंस ना त्या म्हाताऱ्या माकडिणीला?”

“मोजे दिसले की तोंड फिरवते रे ती.”

“बायको रुसल्यावर करतोस का एवढी मनधरणी? त्या माकडिणीला कावीळ आहे, पिंजऱ्यावर पाटी होती!”

“म्हणून उपाशी मारू तिला?”

“आता डॉक्टरला खरं काय ते सांग.”

“सांगतो. नोकरी गेली तर गेली. पण उद्यापासून तिला भरवणार कोण?”

“मी. मोजे घालूनच. पण ती खाईपर्यंत जागचा हलणार नाही, शब्द देतो तुला.”