पाहुण्यांची वाट पाहणारं टेबल

राजापेठेतल्या आमच्या विरंगुळा केंद्रात विरंगुळा करायचा असेल तर आधी प्रमुख पाहुणे शोधावे लागतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सरावाला केंद्रात गेले; दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या टेबल टेनिस संघाची निवड होती. केंद्रात नवंकोरं टेबल होतं, भोवती लाल फीत, आणि फितीला धक्का न लावता त्यावर अध्यक्ष काकांचा पत्त्यांचा डाव.

"काका, मला सराव करायचाय."

"उद्घाटन बाकी हाय, पोरी. पाहुण्यायले टाइम भेटून नाही राहिला."

"दिवाळीपासून?"

"मोठे लोक हायेत ते."

"मग तुम्ही कसे खेळताय?"

"आमी कुठं फीत कापली?"

मी कपाटातली कात्री घेतली आणि फीत कापली. वाटलं, आता बोलणी बसणार. पण फीत कापलेली दिसताच सगळे काका सवयीनं उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग प्रास्ताविक झालं. पाहुण्यांसाठी आणून ठेवलेली शाल माझ्या खांद्यावर आली, हातात नारळ आला. काकांनी केंद्राची वाटचाल पायाभरणीपासून सांगितली. आभारप्रदर्शन संपलं, मी बॅट काढली, तोवर काका दिवे मालवत होते.

"काका, खेळायचं राहिलं."

"कार्यक्रम झाला ना? आता अजून काय पाह्यजे तुले?"

संघात माझी निवड झाली नाही. काकांनी समजूत काढली, "मन छोटं नको करू. सत्कार तर आमी आधीच करून टाकला तुया."