घोड्याच्या नाकावरची चामखीळ

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "रबर ढवळलंत की फेटलंत?" अहो, ढवळलं! तुम्हाला सांगतो, साच्यासाठी दोन डब्यांतलं पातळ रबर एकत्र करायचं तर माणूस ढवळणारच ना, का नुसतं समजावून सांगणार, की बाबांनो मिसळा एकमेकांत? पण ढवळलं की हवा शिरते, हवेचा बुडबुडा, साच्यात बुडबुडा तिथे खड्डा, खड्ड्यात रेझिन, आणि माझ्या घोड्याच्या नाकावर ही वाटाण्याएवढी चामखीळ. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, घामानं निथळलो... तरी हवा येते कुठून, मला सांगा.

घोडा म्हणजे बुद्धिबळातला. बाबांच्या पटातला एक काळा घोडा हरवला आणि त्यांनी खेळच मिटवून ठेवला. समोरचे मास्तर चाळीस वर्षं रोज दुपारी यायचे, ते बंद. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून. मला बघवेना हो. म्हटलं, उरलेल्या घोड्यावरून साचा काढू, त्यात काळं रेझिन ओतू, झाला घोडा.

झाला कसला? "आधी ब्रशनं पातळ थर द्या, मग उंचावरून सुतासारखी धार धरा," दुकानदार म्हणे. स्टुलावर चढून धरली. "भिंतीवरचं कोण पुसणार?" इति बायको. दुसरी खेप, पुन्हा चामखीळ. मग मेहुणा उगवला. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. "दाजी, थरथर द्या! चालू वॉशिंग मशीनवर ठेवा, बुडबुडे आपसूक वर येतात." ठेवला डबा. मशीन कपडे पिळायला लागलं, डबा चालत चालत कडेला गेला आणि धाडकन बादलीत. माझ्या दोन शर्टांना आता रबरी अस्तर आहे. आणि हा म्हणतो, "धरून नाही का उभं राहायचं?"

चौथ्यांदा बाकी सगळं झकास, नाकावर चामखीळ. हवा येते कुठून? वैतागून तसाच नेऊन बाबांच्या हातात कोंबला.

बाबांनी नाकावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. "हा काळा," म्हणाले.

म्हटलं, काळाच आहे, दिसत नाही का?

...नाही दिसत. घोडा हे निमित्त होतं. वर्षभर त्यांना काळं-पांढरं वेगळं कळत नव्हतं, आणि मास्तरांसमोर चुकायची लाज वाटत होती. असा संतापलो मी! पोटच्या पोराला सांगता येत नाही? त्यांच्यावर संतापलो, त्याहून जास्त स्वतःवर.

"ओरडू नकोस," म्हणाले. "उरलेल्या पंधरा काळ्यांनाही अशीच चामखीळ करून दे. उद्या मास्तरांना बोलावतो."

बायको म्हणाली, वरून गोंदाचा थेंब लावा. बाबा म्हणाले, निखळेल, एकजीवच हवी, सगळे नव्यानं ओत.

तर आज सकाळपासून फेटतोय. हो, फेटतोय! पंखा पाचवर, खिडक्या सताड उघड्या, ओतायला मुद्दाम मेहुणा बसवलाय. आत्ता प्याद्याचा साचा उघडला. गुळगुळीत. एक बुडबुडा नाही. हवा गेली कुठे, मला सांगा... इतकं सुंदर प्यादं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

फेकून दिलं.