चौकीची रजा

सुचित्रा : ...आणि ही योजना माझ्याच टेबलावरून चालते. वॉर्ड ऑफिसात सगळ्यांच्या मागे लागते मी, तपासणी करून घ्या, करून घ्या. आणि माझाच नवरा तेवढा राहिलाय.

दौलत : मी नाय म्हटलं काय? वेळ मिळाला की जाईन.

सुचित्रा : तुमच्या सफाई चौकीवरच कॅम्प लावला होता. डॉक्टर आले नि तुम्ही कचऱ्याची गाडी काढून निघून गेलात.

दौलत : कचरा थांबतो काय? आणि पालिकेला आमच्या तब्येतीचा पुळका कधीपासून आला?

सुचित्रा : पुळका म्हणा, काहीही म्हणा. अख्ख्या चौकीची तपासणी झाली की सगळ्यांना दोन दिवस भरपगारी रजा. तुमच्याकडे बाकी सगळ्यांची झाली. तुमच्यापायी अडलंय.

दौलत : मला कोण काय बोललं नाय.

सुचित्रा : तेच तर. कोंडीराम भावजींच्या पुतणीचं लग्न आहे चिपळूणला. त्यांची रजा संपलीय. रोज तुमच्याच गाडीवर असतात, बोलले कधी?

दौलत : नाय.

सुचित्रा : आज ऑफिसात आले होते. मला वाटलं, रजेचं विचारतील. तर म्हणाले, वहिनी, रजा राहू दे, दौलतच्या डोळ्यांचं बघा.

दौलत : काय सांगितलंन त्याने?

सुचित्रा : कॉटन ग्रीनच्या गल्ल्यांत गाडी मागे घेताना तुम्हाला आरशात नीट दिसत नाही. ते मागे उभे राहून पत्र्यावर थापा मारतात, त्या अंदाजाने तुम्ही गाडी घेता. खरं आहे?

दौलत : चहा निवला गो तुझा.

सुचित्रा : निवू दे. खरं आहे का?

दौलत : ऊन समोर आलं की सगळं धुरकट होतं. काचेला दूध फासल्यासारखं. आधी वाटलं, आरसाच खराब. बदलून घेतला.

सुचित्रा : मला का नाही सांगितलंत?

दौलत : सांगून काय होणार? डॉक्टर लिहिणार, ह्याला गाडीवरून उतरवा. मग चौकीत बसून राहायचं. गिरणी बंद झाल्यावर बापूस दारात बसायचा, तो आठवतो मला. येणारा-जाणारा विचारायचा, काय, आज घरीच? मला तसं बसायचं नाय.

सुचित्रा : उतरवणार नाहीत, असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही. पण थापा मारायला तो माणूस गाडीच्या मागे उभा असतो. एखाद्या दिवशी थाप ऐकूच आली नाही तर?

दौलत : ता माझ्या मनात येत नाय असं वाटतं तुला? रोज येतं. गाडी लावून खाली उतरलो की आधी त्याला बघतो.

सुचित्रा : मग?

दौलत : मग काय. उद्या तू निघालीस की थांब माझ्यासाठी. बरोबर जाऊ.

(अडीच महिन्यांनंतर. तीच खोली, सकाळची वेळ.)

सुचित्रा : डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका.

दौलत : आता चालतं. दोन्ही मोतीबिंदू निघाले, काल डॉक्टरने मोकळं केलं. सोमवारपासून गाडीवर ये, म्हणाला मुकादम.

सुचित्रा : एवढे दिवस चौकीत बसलात, कसे गेले?

दौलत : वाईट नाय. हजेरी घ्यायची, नवीन पोरांना रूट समजवायचे. दोन वेळा गरम चहा. बापाशीला तेवढं पण मिळालं नाय.

सुचित्रा : कोंडीराम भावजी काय म्हणतात?

दौलत : चौकीला मिळालेल्या रजेत चिपळूणला जाऊन आला, लग्नाचे लाडू आणलेन. पुतणीने माझ्यासाठी वेगळा डबा दिलाय म्हणाला. आणि सोमवारी गाडीत पुढे बसणार आहे, आरामात.

सुचित्रा : बसू दे. हक्काचं आहे त्यांचं.

दौलत : इकडे ये जरा. खिडकीजवळ.

सुचित्रा : काय झालं?

दौलत : तुझे केस कधी पिकले गो?

सुचित्रा : झाली की चार-पाच वर्षं. मध्ये रंग लावत होते, मग तोही सोडला. तुम्हाला आत्ता दिसतंय?

दौलत : बरे दिसतात.