जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडावा

नाही, पण मी म्हणतो, जागा ठेवायची ना थोडी! प्रश्न एवढा मोठा, चार ओळींचा, वाचताना धाप लागेल असा, आणि उत्तराला काय, तर तीन चौकोन! हो, नाही, सांगता येत नाही. अहो, मी माणूस आहे की पंख्याचं बटण? बरं, विचारतंय कोण, तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक पाहणीवाली बाई, आणि कुठे, तर माझ्या दुकानात, सकाळी दहाला, मी स्टुलावर उभा, हातात ब्रश, दातांच्या डॉक्टरची पाटी अर्धी झालेली, रंग ओघळतोय... आणि खालून ही विचारते, "काका, दोनच मिनिटं. फाशीबद्दल तुमचं मत काय?"

मी पाट्या रंगवतो, तुम्हाला सांगतो. या गावात हातानं काढलेलं जे जे अक्षर दिसेल ते माझं. 'येथे वाहने लावू नयेत', मी. 'आत येण्यापूर्वी घंटी वाजवा', मी. निवडणूक आली की छत्रीवाल्यांची छत्री मी आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला किल्लीवाल्यांची किल्लीही मीच. दोघंही म्हणतात, आमची जरा मोठी काढा. मी दोन्ही सारख्याच काढतो. फूटपट्टी लावून.

तर बाई म्हणाली, "काका, धार्मिक आहात?" म्हटलं, "ताई, रोज दोन वेळा प्रार्थना, आठवड्याला प्रार्थनेचा हॉल, तीस वर्षांत एक खाडा नाही. तापात गेलोय." "म्हणजे हो." चौकोनात खूण! "मत देता?" "न चुकता." खूण! "मग बाकीचं मीच भरू का? तुमच्यासारख्यांचं साधारण ठरलेलंच असतं हो." ठरलेलं? माझं? मला न विचारता? असा राग आला, असा राग आला, म्हटलं, "ठेव तो कागद इथे, उद्या ये." आणि त्या कागदाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात काय होतं माहितीये? 'जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडावा.' जोडला. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो आणि वहीचं पान फाडून लिहायला लागलो. साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो मला, तुझं काय म्हणणं आहे म्हणून! थोरले सांगतात, आम्ही ऐकतो. थोरले म्हणजे आमच्या हॉलचे प्रमुख, त्यांना सगळे थोरलेच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. दर निवडणुकीला ते एक छापील कागद वाटतात, 'देवाला मानणाऱ्यांनी मत कुणाला द्यावे', आणि खाली छत्री. प्रश्नच मिटला. तर त्या दिवशी पहिल्यांदा मी आपलं आपण लिहीत होतो आणि लिहितोय, लिहितोय... आमची ही दोनदा येऊन बघून गेली. "मृत्युपत्र करताय का?"

आता दुसरी चिठ्ठी. ही नीट ऐका, कारण सगळा घोळ इथे आहे. आमच्या हॉलच्या दाराशी एक लाकडी पेटी असते. ज्याला देवाकडे जे मागायचंय ते त्यानं लिहावं, नाव घालू नये, चार घड्या करून आत टाकावं. सुटीच्या दिवशी थोरले एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक ओळीला आम्ही सगळे, दीडशे माणसं, एका सुरात म्हणतो, 'ऐक रे देवा!' मी दोन वर्षं दर आठवड्याला एकच चिठ्ठी टाकतोय. 'तिला सुखरूप ठेव, आणि तिच्याशी बोलायची मला अक्कल दे.' डाव्या हातानं लिहितो. अक्षर ओळखतील ना!

ती म्हणजे माझी लेक. एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी घरी आली, बरोबर एक मुलगी, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, शांत, आल्याआल्या माझ्या पाया पडली. लेक म्हणाली, "बाबा, ही मैत्रीण नाही. आम्ही दोघी संसार मांडतोय." आणि नेमकी त्याच वेळी थोरल्यांची मेहुणी आमच्याकडे चहा पीत बसलेली! बशी तशीच तोंडाशी, डोळे माझ्यावर. आता मी काय करणार? बोलून गेलो, "या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही." अहो, लहानपणापासून माझा एक शब्द ऐकला नाही तिनं, अभ्यास कर म्हटलं ऐकलं नाही, डॉक्टर हो म्हटलं ऐकलं नाही, नेमका हाच ऐकला! दोन वर्षं झाली. हिच्याशी फोनवर बोलते. मी खोलीत आलो की ही म्हणते, "ठेवते गं." बस्स.

तर टेबलावर दोन कागद. दोन्ही एकाच वहीचे, दोन्हीच्या चार घड्या. हिनं हाक मारली, "भाजी गार होतेय!" मी घाईघाईनं एक फॉर्मला टाचला, एक सदऱ्याच्या खिशात घातला. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

सुटीचा दिवस. हॉल गच्च. पुढच्या रांगेत छत्रीवाल्यांचा उमेदवार, इस्त्रीचे कपडे, डोळे मिटलेले. थोरले वाचतायत. "गुडघा बरा होऊ दे." ऐक रे देवा! "परीक्षेत यश दे." ऐक रे देवा! आता थोरल्यांचं एक आहे, आवाज असा खणखणीत, पण वाचतात ते काय वाचतात याच्याशी त्यांचा संबंध नसतो. आणि आमचाही नसतो हो, थोरले थांबले की आम्ही म्हणतो. त्यांनी पुढची चिठ्ठी उघडली. "दारूची दुकाने बंद करावीत. सगळी. आजच." ऐक रे देवा! मी मनात म्हटलं, वा, माझ्यासारखंच वाटणारं आणखी कुणीतरी आहे! "फाशी नको. जीव दिला त्यानं, घ्यायचा तर त्यानं घ्यावा." ऐक रे देवा! "पोटातलाही घेऊ नये." ऐक रे देवा! "पण अडलेल्या बाईला तुरुंगात घाला म्हणणाऱ्या पुरुषानं आधी नऊ महिने पोटाला विटा बांधून जिना चढावा." ऐक रे... इथे बायकांच्या बाजूनं आवाज जरा जास्तच आला. अहो, विटा माझ्या होत्या!

उठून ओरडायला हवं होतं. पण ओरडणार काय, 'थांबा, ते देवासाठी नाही, पाहणीसाठी आहे'? थोरले निघालेत एक्सप्रेससारखे. "परमुलखातून आलेल्यांना राहू द्यावे. दार ठोठावणाऱ्याला कागदपत्रं मागा, असं आपल्या धर्मात कुठे लिहिलंय?" ऐक रे देवा! निम्मा हॉल. "देवाच्या नावावर मतं मागू नयेत. देव काय उमेदवार आहे?" ऐक... उमेदवारानं डोळे उघडले. थोरल्यांनी चष्मा वर केला. पण तोंड सुरूच होतं हो, तोंडाला ब्रेक लागेपर्यंत पुढची ओळ येऊन गेली. "दोन बायकांच्या संसाराबद्दल देवाला काय वाटतं ते मला ठाऊक नाही. माझी मुलगी त्यात सुखी आहे. तिला कुणी त्रास देऊ नये."

दीडशे माणसं. एक चकार शब्द नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

आणि बायकांच्या बाजूनं, तिसऱ्या रांगेतून, एकटीनं, स्पष्ट... "ऐक रे देवा."

आमची ही. दोन वर्षं या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मी मान खाली घातली, खोटं कशाला बोलू, रडलो. आणि थोरल्यांनी तो कागद उजेडात धरला, वरून खाली बघितला. अहो, अख्ख्या हॉलच्या भिंतीवर माझंच अक्षर! 'चपला बाहेर काढाव्यात', 'शांतता राखा'... कागदावरचा 'ळ' आणि भिंतीवरचा 'ळ' जुळे भाऊ! उजव्या हातानं, मन लावून, सुवाच्य लिहिलं होतं मी! एवढंच ना? सांगा, काय चुकलं माझं?

मला काढलं नाही हॉलमधून. काढलं असतं तर बरं झालं असतं! पुढच्या आठवड्यात पेटीतून चिठ्ठी निघाली, 'आपल्यातला एक भरकटलेला भाऊ परत वाटेवर येऊ दे', आणि दीडशे माणसं माझ्याकडे बघून, प्रेमानं, ऐक रे देवा! त्याच्या पुढच्या आठवड्यात तशाच सात. शेजारी बसणारा शिंपी, तीस वर्षांचा सोबती, जरा सरकून बसला. म्हटलं, "काय रे?" तर म्हणे, "नाही, वारा येत नव्हता."

बरं, इकडे हे, तर तिकडे भाचा आला धावत. बहिणीचा मुलगा, किल्लीवाल्यांचा कार्यकर्ता. "मामा! जिंकलंत! तुम्ही आमचे!" मिठी मारली. म्हणे सभेत बोलवतो, 'धर्मातला बंडखोर' म्हणून. म्हटलं, "बाबा, सगळं ऐकलंस का? पोटातल्याचंही लिहिलंय." चेहरा पडला. "ते गाळू." "दारूबंदी?" "मामा, तेही गाळू, आपले निम्मे कार्यकर्ते..." "आणि देव?" तर हसला हो. खदाखदा नाही, जरासाच, ओठाच्या कडेनं, लहान मुलाच्या बोबड्या बोलाला हसतात तसा. "देव ठेवा की घरी, मामा, त्याला कोण काय म्हणतंय?" त्या हसण्यानं माझ्या काळजाला घरं पडली. थोरले चिडले तर निदान मला मोठा माणूस समजून चिडले!

आणि ती पाहणीवाली. आली दुकानात फॉर्म घेऊन. "काका, जोडलेल्या कागदावर एकच ओळ आहे. 'तिला सुखरूप ठेव, आणि तिच्याशी बोलायची मला अक्कल दे.' हे कितव्या प्रश्नाचं उत्तर?" मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. ती बिचारी मग म्हणाली, "'सांगता येत नाही' करू का?" म्हटलं, कर बाई.

मग मतदान. शाळेच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मी आणि ते यंत्र. आता छत्रीवाल्यांनी या वेळी एक नवीन काढलं होतं. अशा दोघींना घर भाड्यानं देणाऱ्याला दंड. जाहीरनाम्यात अकराव्या क्रमांकावर, मला पाठ आहे, भिंतीवर मीच लिहिलंय ते. माझी लेक भाड्याच्या घरात राहते, हेही मला ठाऊक. मग सरळ किल्ली दाबावी की नाही? तुम्ही दाबली असती! बोट नेलं किल्लीपाशी. तर तो भाच्याचा ओठ आठवला. म्हटलं, देवाला हसणाऱ्याला मत देऊ? ज्याच्या नावानं सकाळी डोळे उघडतो, त्याला हसणाऱ्याला? मग छत्रीकडे नेलं. तर लेक दिसली. परत किल्ली. परत छत्री. बाहेरून केंद्रावरचे साहेब ओरडले, "आजोबा, झोपलात का?" मागे रांग होती हो मोठी, उन्हात, लोक खाकरायला लागलेले... घाम फुटला, आणि तीस वर्षांची सवय, बोट गेलं, वाजलं 'पीं...' करून. संपलं. बाहेर ही उभी होती. काही विचारलं नाही तिनं. मीही नाही विचारलं.

निकाल तुम्हाला माहितीच आहे. छत्री. आमच्या भागात थोडक्यात. किती थोडक्यात ते मी बघितलं नाही, मला बघायचं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. हिच्या नाही, माझ्या फोनवर! दोन वर्षांनी! "बाबा." बस, तेवढ्यानंच मी स्टुलावर बसलो. म्हणाली, "आत्यानं सांगितलं सगळं, हॉलमधलं. विटासुद्धा." आणि हसली. काय सांगू तुम्हाला, ते हसणं... "तुम्ही खरंच लिहिलंत, बाबा? कुणी त्रास देऊ नये म्हणून?" म्हटलं, "लिहिलं गं. मोठ्या अक्षरात." बरं वाटत होतं. तिकडे मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी खोक्याला चिकटपट्टी लावत होतं. म्हटलं, "आवराआवर चाललीये का?" म्हणाली, "घरमालकानं महिन्याची मुदत दिलीये. वाईट नाहीये तो, घाबरलाय. दंडाला." मी म्हटलं, "इकडे या. दोघी या." म्हटलं हो मी! दोन वर्षं जे जमलं नाही ते म्हटलं!

ती मग हळूच म्हणाली, "येऊ की. आईनं मला सांगितलंय, तिनं मत कुणाला दिलं ते. तुम्ही कुणाला दिलंत, बाबा?"

अहो, माझं पोटातलं, मनातलं, देवाशी बोलायचं सगळं भर हॉलमध्ये वाचून झालेलं. झाकायला उरलं काय होतं? तरी मी म्हटलं, "अगं, मतदान गुप्त असतं."

"कळलं बाबा," म्हणाली, आणि फोन ठेवला.